अर्धा तास थांबायचं

विनय, अंगठा वर धर आणि रुमाल दाबून ठेव. राधिका, तो डेकवरचा दिवा घालव बघू, डोळ्यांवर येतोय. फराळ झाला, चहा झाला, पोरंटोरं आत टीव्हीसमोर आहेत. आता एक गोष्ट सांगतो. गोष्ट म्हणजे घडलेली. विनयने गेल्या महिन्यात धनुष्यबाण घेतला आणि आज स्वतःचाच अंगठा कापून आला, म्हणून आठवली. मी म्हटलं अर्जंट केअरला चल, तर म्हणतो, काका, एवढंसं तर कापलंय, तिथे जाऊन दोन तास कोण बसणार. अगदी हेच मी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाच्या तोंडून ऐकलंय.

आधीच सांगून ठेवतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. उभा जन्म क्वालिटीत गेला माझा. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

हेमचंद्र म्हणून एक होता आमच्या कंपनीत. नागपूरचा. गाड्यांच्या सीटचे सांगाडे डिझाइन करायचा. गुणी पोरगा, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की संपलं. त्याच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये ग्रेग बसायचा. ग्रेगने त्याला बो-हंटिंगचा, म्हणजे धनुष्यबाणाने शिकार करायचा, नाद लावला. दोन वर्षं हा बेसमेंटमध्ये गादीवर बाण मारत बसायचा. बायकोला, पद्मिनीला, वाटायचं की खेळ आहे. ती माळकरी घरातली, घरात अंडंसुद्धा नाही. हरणावर बाण चालवणार हे तिला सांगायची याची छाती नव्हती. मग यात मला ओढलं. म्हणाला, शशिकांतदादा, तिला सांगू का, तुमच्याबरोबर प्लांटवर जातोय म्हणून? मी हो म्हटलं. माझी चूक ती तिथून सुरू झाली, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

तारीख लिहून घ्या. तेरा नोव्हेंबर २००४, शनिवार. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, त्या दिवशी पाडवा. सोमवारी पंधराला बंदुकीने शिकारीचा सीझन उघडणार होता, म्हणजे त्याआधी धनुष्यवाल्यांचा हा शेवटचा शनिवार-रविवार. हेमचंद्र सकाळी पद्मिनीला म्हणाला, प्लांटमध्ये लाइन बंद पडलीय, रात्री नऊपर्यंत परत येतो. ती म्हणाली, नऊ तर नऊ, पण पाडव्याचं ओवाळल्याशिवाय मी जेवणार नाही. तीन वर्षांच्या लेकीचा, शिवांगीचा, त्याने पापा घेतला आणि निघाला.

इथून उत्तरेला अडीच तासांवर ग्रेगच्या मावशीची जमीन आहे. चाळीस एकर. पुढे घर, मागे झाडी, झाडीच्या टोकाला दलदल. ग्रेगला त्या दिवशी यायला जमलं नाही, त्यामुळे हेमचंद्र एकटाच गेला. दुपारी दोनला झाडावरच्या मचाणावर चढून बसला. सव्वापाचला, उजेड जाता जाता, एक मोठा नर खाली आला. हेमचंद्रने बाण सोडला. लागला, पण नीट लागला नाही. हरीण झाडीत पळालं.

आता जरा ऐका, कारण सगळं इथेच आहे. बाण लागला की शिकाऱ्याने लगेच मागे जायचं नसतं. अर्धा तास जागेवर बसायचं. जनावर थोडं पुढे जातं, आडवं होतं, शांत होतं. मग उतरायचं आणि रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. जिथे थेंब दिसेल तिथे फांदीला एक फीत बांधायची, म्हणजे मागची वाट हरवत नाही. आणि एकदा जखमी केलेलं जनावर सोडून यायचं नाही, मग रात्र होवो का काही होवो. ग्रेगने त्याला हे दहादा शिकवलं होतं.

ह्याला तर नऊला घरी पोचायचं होतं. अर्धा तास म्हणजे याला उशीर. घाईघाईने दुसरा बाण काढायला गेला. बाणाच्या टोकाला तीन पाती असतात, दाढीच्या ब्लेडसारखी. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक पातं आत गेलं. विनयचं कापलंय ना, त्याच जागी. त्याने रुमाल गुंडाळला, मचाणावरून उतरला आणि थेट माग काढायला लागला.

टॉर्च तोंडात, फितीचं रीळ खिशात. थेंब दिसला की फीत बांधायची. नारिंगी फीत, एका हाताने, सैलसर गाठ. थेंब, फीत. थेंब, फीत. नऊ फिती बांधल्या. दहावी बांधायला गेला तर त्या फांदीला आधीच एक नारिंगी फीत होती. त्याचीच, सैल गाठीची. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रुमाल कधीच भिजून गेलाय आणि हातातून टपटप चाललंय. किती वेळ तो स्वतःच्याच रक्तामागे गोल फिरत होता, देव जाणे.

मग त्याने ठरवलं, पुरे. हरीण गेलं. घरी चला. एवढी वर्षं ज्याने एक ड्रॉइंग अर्धं सोडलं नव्हतं, त्याने जखमी जनावर सोडलं. मला सांगतानासुद्धा त्याला ते बोलवत नव्हतं.

परतीच्या वाटेवर फिती काढत चालला. नारिंगी, नारिंगी, आणि मग एक पांढरी. ती फीत नव्हती, कापडाची चिंधी होती. चादर फाडून काढलेली, बोटभर रुंद. घट्ट बारीक गाठ. पुढे आणखी एक. त्याच्या पुढे आणखी एक. जिथे जिथे त्याचं रक्त पडलं होतं, तिथे तिथे पांढरी चिंधी. दहा मिनिटांपूर्वी याच वाटेने तो आला होता, तेव्हा एकही नव्हती.

मागे पाहिलं. लांब झाडीत एक उजेड होता. पिवळसर. थोडा पुढे यायचा... खाली वाकायचा... थांबायचा. मग परत थोडा पुढे.

तो पळाला.

घराच्या मागच्या पायऱ्यांवर पोचला तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. दार उघडलं ग्रेगच्या मावशीने. डोरोथी तिचं नाव, वय ऐंशीच्या पुढे. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हाताकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बोलली इंग्रजीतच, मी आपल्या भाषेत सांगतो.

"पायरीवर किती सांडलं?"

"दोन-चार थेंब. सॉरी, मी पुसतो."

"पुसून काही होत नाही. बस इथे."

तिने हात नळाखाली धरला, घट्ट पट्टी बांधली. म्हणाली, "याला टाके लागतील. माझे डोळे अधू झालेत, नाहीतर मीच घातले असते. वीस मिनिटांवर हॉस्पिटल आहे, तिथे जा. टाके घालून घे आणि मगच घरी जा."

हेमचंद्र म्हणाला, एवढंसं तर कापलंय. घरी जाऊन हळद दाबतो, थांबेल.

ऐकतोयस ना, विनय?

त्याने तिला झाडीतल्या उजेडाचं विचारलं. चिंध्यांचं विचारलं. म्हातारी खुर्चीवर बसली आणि मग तिने सांगितलं. तिचा नवरा, कार्ल. एकोणीसशे एकसष्टचा नोव्हेंबर. कार्लने एका नराला बाण मारला, अर्धा तास थांबला, आणि तिने फाडून दिलेल्या चादरीच्या चिंध्या खिशात घालून माग काढायला गेला. दुसऱ्या दिवशी लोकांना त्या चिंध्या दलदलीच्या काठापर्यंत सापडल्या. पुढे काही नाही. ना कार्ल, ना हरीण.

"तो अजून शोधतोय," ती म्हणाली. "वाईट माणूस नव्हता. अर्धवट सोडणं त्याला जमायचं नाही, एवढंच. जे रक्त दिसेल त्याच्या मागे जातो. अर्धा तास थांबतो आणि निघतो. रक्त आहे तोवर येत राहतो."

"आणि सापडल्यावर?"

"ते मला माहीत नाही. सापडलेल्यांपैकी मला कोणी भेटलं नाही."

सात पस्तीसला तिने बोलणं बंद केलं.

मागच्या पायऱ्यांवर पाऊल वाजलं. एक. मग थोडा वेळ काहीच नाही. कोणीतरी वाकून बघावं इतका वेळ. मग दुसरं पाऊल... मग कठड्याला काहीतरी घासल्याचा आवाज. कापड बांधल्याचा.

म्हातारी उठली. दाराला हात लावून उभी राहिली, कडी काढली नाही. हळू आवाजात म्हणाली, "कार्ल, हा हरीण नाहीये."

बाहेरचा कापडाचा आवाज थांबला.

"कार्ल... इतका जवळ आलास..."

हेमचंद्र मला नंतर म्हणाला, तेव्हा मला भीती वाटली नाही, तिच्यासाठी वाईट वाटलं. त्रेचाळीस वर्षांनी नवरा दाराशी आला होता आणि आला होता दुसऱ्याच कुणाच्या रक्तामागे. तिने मागे न बघता हाताने खूण केली, पुढच्या दाराने जा. तो गेला. गाडीपर्यंत जाता जाता पट्टीतून आणखी चार थेंब सांडले, ते त्याला नंतर कळलं.

तुम्ही म्हणाल, गाडीत बसला, सुटला. त्यालाही तसंच वाटलं. पंच्याहत्तर नंबरच्या हायवेवर गाडी सत्तर मैलांच्या वेगाने पळत होती, हीटर चालू, रेडिओ चालू. आता हसू यायला लागलं होतं त्याला. नऊ वाजून दहा मिनिटांनी पेट्रोल भरायला थांबला. पंपाचं नोझल धरलं तर पट्टी सरकली, थोडं रक्त खाली पडलं. आत जाऊन हात धुतला, नवी पट्टी घेतली, बांधली, कॉफी घेतली. बाहेर यायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागला.

पंपाच्या नोझलला पांढरी चिंधी बांधलेली होती.

घट्ट. बारीक गाठ.

राधिका, आत जायचं असेल तर जा. नाही? बरं.

मी त्याला नंतर विचारलं, अरे, मग तेव्हा तरी हॉस्पिटलात का नाही गेलास? म्हणाला, दादा, डोक्यात एकच होतं, पद्मिनी उपाशी बसलीय. तिकडे पद्मिनीने सातलाच मला फोन केला होता. "दादा, हे उचलत नाहीत, तुमच्याजवळ आहेत ना?" मी माझ्या बेसमेंटमध्ये मॅच बघत होतो. म्हटलं, "हो, इथेच आहे, मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल." किती सहज खोटं बोललो मी.

दहा पस्तीस. तेवीस नंबरच्या हायवेवर एक रेस्ट एरिया आहे, तिथून घर अर्ध्या तासावर. स्टिअरिंग हाताला चिकट लागलं म्हणून त्याने आतला दिवा लावला. नवी पट्टीही भिजली होती. सीटवर रक्त, दाराच्या हँडलवर रक्त. आणि त्याने हिशोब मांडला. आता इथून निघालो तर पुढचा थेंब कुठे पडणार? गॅरेजमध्ये. मग जिन्यावर. मग शिवांगीच्या खोलीच्या दाराशी, कारण घरी गेल्यावर तो आधी तिच्याकडेच जायचा. आणि अर्ध्या तासाने...

त्याने गाडी रेस्ट एरियात घातली. कोपऱ्यात लावली. दुसरी एकही गाडी नव्हती. पद्मिनीला फोन लावला.

"कुठे आहात? मी ताट लावून बसलेय."

त्याने सगळं सांगितलं. धनुष्य, हरीण, माझं खोटं, कार्ल, चिंध्या. दोन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते पाच मिनिटांत सांगून टाकलं.

ती म्हणाली, "हाताला लागलंय ना? या घरी. हळद लावते मी."

"नाही येत."

"अहो, असं काय करताय?"

"रक्त थांबल्याशिवाय नाही येत. शिवांगीच्या खोलीचं दार लावून घे."

तिने फोन ठेवला आणि मला लावला. "दादा, मला माहितीय तुम्ही घरीच आहात. ह्यांना घेऊन या." इतकंच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. अंगातल्या स्वेटरवरच निघालो.

आता पुढचं त्याने सांगितलेलं. मी तिथे नव्हतो.

अकरा वाजून पाच मिनिटं.

आरशात उजेड दिसला. रेस्ट एरियाच्या तोंडाशी. पिवळसर.

पुढे आला. वाकला. थांबला.

हायवेवरून ट्रक जात होते. त्यांचा आवाज येईनासा झाला.

उजेड पुढे आला... वाकला...

हेमचंद्रचा हात किल्लीवर होता. फिरवली असती तर गाडी निघाली असती. अर्ध्या तासात घर. दिवे लावलेलं घर. ताट लावून बसलेली बायको.

त्याने किल्ली काढली. मागच्या सीटवर फेकली.

उजेड डिकीपाशी आला. मागच्या दाराशी... त्याच्या दाराशी.

काचेपलीकडे कोणीतरी उभं होतं. कोट दिसत होता. चेहरा दिसत नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसता कंदिलाचा उजेड. हलत नव्हतं. वाट बघत होतं.

हेमचंद्रने हँडल फिरवून काच खाली केली.

आणि डावा हात बाहेर धरला.

"मी सोडून आलो," तो म्हणाला. "हरीण. मी अर्धवट सोडून आलो."

...

थंड बोटं. मनगटाला.

...

एवढंच आठवतं त्याला.

मी पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. काच उघडी, हात बाहेर लोंबकळलेला, मान सीटवर टेकलेली. शपथेवर सांगतो, मला वाटलं गेला. हाक मारली तर डोळे उघडले. म्हणाला, "दादा, गेला का तो?" मी हात हातात घेतला. पट्टी नव्हती. रक्त नव्हतं, कोरडा स्वच्छ हात. अंगठ्याच्या मुळाशी सात टाके. काळ्या दोऱ्याचे, एकसारख्या अंतरावर, गाठी घट्ट आणि बारीक. मी आयुष्यभर अंतरं मोजलीत, तिथेही मोजलं. सूतभर फरक नव्हता.

त्याला घरी आणला. रात्री साडेबाराला पद्मिनीने त्याला ओवाळलं. आधी हातावरचे टाके पाहिले, मग निरांजन उचललं. ओवाळताना तिचे डोळे भरले होते. माझ्याशी सहा महिने बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. हरणाचं काय झालं, कोणाला कळलं नाही. हेमचंद्रने धनुष्य ग्रेगला देऊन टाकलं. आता ते कुटुंब पार दुसऱ्या राज्यात, प्लेनोला असतं.

रविवारी सकाळी मीच त्याला इथल्या क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. कुठला दोरा, कुठली सुई, सेप्टिक झालं तर काय करायचं? डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंग लावून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "काम सुरेख आहे. पण यायला उशीर केलात. हे चार-पाच दिवसांपूर्वीच काढायला हवे होते."

मी म्हटलं, डॉक्टर, काल संध्याकाळी कापलंय.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. त्याचा अंगठा धरून कातडी दोन्ही बाजूंना ताणली. उघडली नाही. पूर्ण भरून आली होती, वर गुलाबी वणसुद्धा उमटला होता. त्यांनी एकेक करून सातही टाके काढले आणि कागदावर लिहिलं. तो कागद मी मागून घेतला, वर माझ्या फाइलमध्ये आहे, कुणालाही दाखवीन. तारीख चौदा नोव्हेंबर २००४. खाली त्यांच्या अक्षरात एकच ओळ: जखम पूर्ण भरलेली, टाके अंदाजे बारा दिवसांपूर्वी घातलेले.